सूर्याला अर्घ्य: साहित्य थोडे, वेळ महत्त्वाची

पुण्यात सातव्या मजल्यावर राहणाऱ्या, 34 वर्षांच्या एका गृहस्थांचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. पत्रिकेत रवी नीचेचा आहे म्हणून त्यांना रोज सूर्याला अर्घ्य द्यायला सांगितले आहे. अर्घ्याच्या पाण्यात हळद, गूळ, लाल मिरचीच्या बिया यांपैकी नेमके काय घालावे आणि पडत्या धारेतून सूर्याकडे पाहावे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. घराची बाल्कनी पश्चिमेला असल्यामुळे सकाळचा सूर्य दिसत नाही आणि उठायला साडेसात वाजतात. मुंज झाली आहे, पण संध्या, म्हणजे मुंजीनंतर रोज सकाळ-संध्याकाळ करायची उपासना, कधीच सुटली. आई आणि पत्नी यांनाही ही उपासना करायची आहे, ती त्यांनी कशी करावी, हा शेवटचा प्रश्न. मी गेली 38 वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात याज्ञिकी करतो आहे आणि हे प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत वर्षभर विचारले जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी डोळ्यांविषयी, कारण बाकीची चूक सुधारता येते, ही येत नाही. पाण्याच्या धारेतून सूर्यबिंबाकडे टक लावून पाहावे असे आज सर्रास सांगितले जाते. धारेमुळे सूर्याचे तेज डोळ्याला सोसेल इतके कमी होत नाही. माझ्या परिचयाच्या एका यजमानांनी असे पाहणे आणि पुढे त्राटक, म्हणजे एकटक पाहण्याची साधना, म्हणून नुसत्या डोळ्यांनी पाहणे काही महिने चालवले. वाचताना ओळीच्या मधोमध अक्षरे पुसल्यासारखी दिसू लागली तेव्हा ते नेत्रतज्ज्ञांकडे गेले. डोळ्याच्या पडद्याला झालेली ती इजा त्यांच्यात कायमची राहिली. शास्त्राचा आधार या प्रकाराला नाहीच, उलट निषेध आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाची व्रते सांगताना स्पष्ट म्हटले आहे की उगवता, मावळता, ग्रहण लागलेला, पाण्यात प्रतिबिंबित झालेला आणि आकाशाच्या मध्यावर आलेला सूर्य पाहू नये. मुंजीत बटूला सूर्यदर्शन घडवतात आणि तान्ह्या बाळाला पहिल्यांदा घराबाहेर नेताना सूर्य दाखवतात, पण ते दर्शन क्षणाचे असते. त्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या ‘तच्चक्षुर्देवहितम्’ या मंत्रात मागणे काय आहे, तर ‘पश्येम शरदः शतम्’, शंभर शरद ऋतू आम्ही पाहावेत. दृष्टी मागण्यासाठी ज्याच्यासमोर उभे राहायचे, त्याच्यासमोर दृष्टी घालवून बसणे ही उपासना होऊ शकत नाही. अर्घ्य देताना दृष्टी ओंजळीकडे किंवा पाणी पडते त्या जागी असावी.

आता पाण्यात काय घालावे. गंध, अक्षता आणि तांबडे फूल एवढेच. गंध रक्तचंदनाचे असेल तर उत्तम. फूल जास्वंदीचे किंवा तांबड्या कण्हेरीचे. यांपैकी काही नसेल तर नुसते पाणी. संध्येतील अर्घ्यात मुळात पाण्याशिवाय काहीच नसते, ओंजळभर पाणी आणि गायत्री मंत्र एवढ्यावर ते पूर्ण होते. मिरचीच्या बियांचा उल्लेख मी शिकलेल्या कोणत्याही प्रयोगात, म्हणजे विधीच्या ठरलेल्या पद्धतीत, नाही. बेल मात्र सूर्याला वाहत नाहीत, तेवढे पथ्य पाळावे. भांडे तांब्याचे असावे. घरात तांब्याचा गडू नसेल तर पंचपात्री चालेल, ओंजळ तर सर्वांत चांगली.

कृती अशी आहे. स्नान करून, पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. दोन्ही हातांची ओंजळ करावी, अंगठे तर्जनीपासून बाजूला ठेवावेत, ओंजळ गाईच्या शिंगाच्या उंचीइतकी, म्हणजे साधारण छातीपर्यंत वर न्यावी आणि बोटांच्या टोकांवरून पाणी पुढे सोडावे. असे तीन वेळा. नंतर स्वतःभोवती एक प्रदक्षिणा करून आचमन करावे. पूर्वी हे नदीत किंवा तळ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून होत असे आणि पाणी पाण्यातच पडत असे. सदनिकेत समोर ताम्हन किंवा परात ठेवावी आणि नंतर ते पाणी झाडाच्या मुळाशी घालावे. सातव्या मजल्यावरून पाणी खाली सोडू नये. ते खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर किंवा रस्त्यावर पडते आणि पायदळी येते, तेव्हा ते अर्घ्य राहत नाही.

या तीन ओंजळी कशासाठी, याची कथा तैत्तिरीय आरण्यकात आहे. मंदेह नावाचे राक्षस उगवत्या आणि मावळत्या सूर्याशी झुंज घेतात, आणि पूर्वेकडे तोंड करून गायत्रीने अभिमंत्रित केलेले जे पाणी वर उडवले जाते, त्याचे वज्र होऊन ते त्या राक्षसांना दूर फेकते. ही कथा मी लहानपणी आजोबांकडून ऐकली तेव्हा मला राक्षसांचे कुतूहल वाटले होते, पण पुढे प्रयोग शिकवू लागल्यावर तिच्यातले दुसरेच अंग मनात ठसले. झुंज संधिकालात होते. पाणी त्या वेळी पोचले तर उपयोगाचे. म्हणून संध्येच्या सगळ्या नियमांत सामग्रीविषयी सवलतीच सवलती आहेत आणि काळाविषयी मात्र बारकाईने लिहिलेले आहे. प्रातःसंध्या चांदण्या दिसत असताना केली तर उत्तम, चांदण्या मावळल्यावर मध्यम, सूर्य वर आल्यावर कनिष्ठ. सायंसंध्येला याच्या उलट, म्हणजे सूर्य असताना सुरू केलेली उत्तम आणि चांदण्या दिसू लागल्यावर केलेली कनिष्ठ. वेळ टळली तर तिन्ही अर्घ्यांच्या आधी एक प्रायश्चित्तार्घ्य जास्त द्यावे लागते. आशौचात, म्हणजे सोयर-सुतकात, देवपूजा बंद असते, पण मंत्र मनात म्हणून अर्घ्य तेव्हाही द्यायचे असते. तुम्ही मला एकच गोष्ट विचाराल की यात न चुकवण्याजोगे काय, तर मी वेळ सांगेन. सूर्याची मूर्ती करावी लागत नाही, आवाहन करावे लागत नाही, विसर्जन करावे लागत नाही; तो ठरल्या क्षणी येतो, आणि त्या क्षणी आपण तिथे असणे हीच त्याची पूजा आहे.

त्यामुळे साडेसातचा प्रश्न बाल्कनीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. पुण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीच्या मध्यानंतर सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे साडेसातला उठणाऱ्याला वर्षातून एकही सूर्योदय सापडत नाही. पाऊण तास आधी उठण्याची सवय हिवाळ्यात लावून घेणे सोपे जाते, कारण तेव्हा सूर्यच उशिरा येतो. मग तो जसा दिवसागणिक लवकर येऊ लागेल तसे त्याच्या मागोमाग जावे. ज्यांना हे कोणत्याही कारणाने शक्य नाही, रात्रपाळी आहे, घरात आजारपण आहे, त्यांनी स्नान होताच अर्घ्य द्यावे आणि वर सांगितलेले जादा अर्घ्य विसरू नये. कनिष्ठ पक्ष हाही शास्त्राने सांगितलेलाच पक्ष आहे.

वेळ पंचांगात पाहताना ते पंचांग कोणत्या गावचे आहे हेही पाहावे. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे पडतात, त्यामुळे मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्योदयात रेखांशापोटीच सुमारे पंचवीस मिनिटांचे अंतर असते. परदेशात राहणारे काही जण पुण्याच्या सूर्योदयाची वेळ धरून तिथे अर्घ्य देतात, ते चुकीचे आहे. जिथे आपण उभे आहोत तिथला सूर्योदय धरावा, मग तो लंडनच्या डिसेंबरात आठ वाजता का असेना.

पूर्वेकडे भिंत असली तरी तोंड पूर्वेकडेच करावे. बिंब दिसलेच पाहिजे असा नियम नाही. आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, अंगणात पाऊस कोसळत असतो, आणि माणसे पडवीत उभी राहून, ढगाआड तो आहे हे धरून, त्याला पाणी देतात. पश्चिमेच्या बाल्कनीचा मात्र एक लाभ तुमच्या ध्यानात आलेला दिसत नाही. सायंसंध्येचे अर्घ्य पश्चिमेकडे तोंड करून, खाली बसून द्यायचे असते. सुट्टीच्या दिवशी त्या बाल्कनीत आसन घालून बसा. सकाळच्या उपस्थानात, म्हणजे संध्येतल्या देवतेच्या प्रार्थनेत, मित्राचे मंत्र असतात आणि संध्याकाळच्या उपस्थानात वरुणाचे, निदान आम्हा ऋग्वेद्यांच्या प्रयोगात तसे आहे. उजेडाची देवता आणि रात्रीकडे नेणारी देवता यांची ही वाटणी पश्चिमेकडे तोंड करून बसल्यावर जशी उमगते तशी पुस्तकातून उमगत नाही.

संध्या सुटली याचे तुम्हांला वाईट वाटते आहे, ते योग्य आहे, पण त्यासाठी पुन्हा मुंज करावी लागत नाही. घराण्याचा वेद आणि शाखा वडीलधाऱ्यांना विचारून त्या शाखेची संध्या एखाद्या जाणत्याकडे बसून शिकावी. पहिल्या महिन्यात आचमन, प्राणायाम, अर्घ्य आणि दहा वेळा गायत्री एवढेच करावे. गायत्री ही ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली विश्वामित्रांची ऋचा, तिची देवता सविता. सविता म्हणजे प्रेरणा देणारा, कामाला लावणारा सूर्य. तिच्यात धन, आयुष्य, आरोग्य यांतले काहीच मागितलेले नाही. आमच्या बुद्धीला प्रेरणा मिळो एवढेच आहे.

सूर्यनमस्कारांविषयी तुम्ही विचारले नाही, पण ‘नमस्कारप्रियो भानुः’ असे म्हणतात, त्यामुळे ते वगळून चालणार नाही. महाराष्ट्रात त्यांचा व्यायाम म्हणून प्रसार करण्यात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांनी संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि त्यांवर पुस्तकेही लिहिली. आज बहुतेकांना मित्र, रवि, सूर्य, भानु अशी बारा नावे पाठ असतात, पण त्या नावांमागचा तृच फार थोड्यांना ठाऊक असतो. तृच म्हणजे तीन ऋचांचा गट. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या पन्नासाव्या सूक्ताच्या या शेवटच्या तीन ऋचा. प्रत्येक ऋचेचे चार पाद, म्हणजे एकूण बारा पाद, आणि एकेका पादाला एकेक नाव जोडलेले आहे. ‘ॐ ह्रां उद्यन्नद्य मित्रमहः ह्रां ॐ मित्राय नमः’ हा पहिला नमस्कार. त्यात वेदातला ‘मित्रमहः’ आणि नावातला मित्र शेजारी शेजारी येतात. पुढे पाद जोडून अर्धी ऋचा, मग पूर्ण ऋचा, मग तिन्ही मिळून, असे नमस्कार वाढत जातात आणि श्वासही तितकाच लांबत जातो. या ऋचांत ऋषी सूर्याला म्हणतो की माझ्या हृदयाचा रोग आणि माझा पिवळेपणा घालव. आणि पुढच्या ऋचेत, हा पिवळेपणा आम्ही राघूंमध्ये आणि इतर पाखरांमध्ये नेऊन ठेवतो, असे म्हणतो. कावीळ झालेल्या माणसाच्या अंगणातून राघू उडून जात आहेत आणि त्याचा आजार त्यांच्या रंगात मिसळून जात आहे, इतके स्पष्ट हे चित्र आहे. मी विद्यार्थ्यांना हा तृच अर्थासह शिकवतो, कारण अर्थ कळल्यावर बारावा नमस्कारही पहिल्याइतक्याच मनापासून घातला जातो. आपापल्या ताकदीप्रमाणे बारा घालावेत. गुडघे, पाठ किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर वैद्यांना विचारूनच घालावेत, नाहीतर उभ्याने हात जोडून बारा नावे घ्यावीत.

रवी नीचेचा आहे म्हणून ही उपासना सुरू होते आहे, याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. रवीची नीच रास म्हणजे तूळ. निरयन, म्हणजे आपल्या पंचांगांच्या, गणिताने सूर्य तुळेत असतो तो ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. त्या महिन्याभरात जन्मलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत रवी तुळेतच असणार, म्हणजे ढोबळमानाने बारातल्या एका माणसाच्या. त्यामुळे घाबरण्याचे काही कारण नाही. ग्रहशांतीत आपण रवीला मंडलाच्या मध्यभागी बसवतो, त्याला रुईची समिधा आणि गहू देतो, ‘आ कृष्णेन रजसा’ हा मंत्र म्हणतो. तिथे तो नवग्रहांपैकी एक आहे. पण तो मंत्रही मुळात सवित्याच्या सूक्तातला आहे. पंचायतनात, म्हणजे पाच देवांच्या एकत्र पूजेत, तो शिव, विष्णू, देवी आणि गणपती यांच्या बरोबरीने स्फटिकाच्या रूपात बसतो. संध्येत आपण त्याच्या मंडलात कमळावर बसलेल्या नारायणाचे ध्यान करतो. ‘सूर्य आत्मा जगतस्तस्थुषश्च’, चराचराचा आत्मा, असे ज्याला वेद म्हणतो, त्याच्याशी केवळ पीडानिवारणापुरता संबंध ठेवू नये, एवढीच माझी विनंती आहे. पत्रिकेच्या निमित्ताने सुरुवात झाली याचा मला आनंदच आहे; पण दशा संपली म्हणून अर्घ्य थांबले, असे होऊ देऊ नका.

आई आणि पत्नी यांच्याविषयी. ‘एहि सूर्य सहस्रांशो तेजोराशे जगत्पते’ हा पौराणिक अर्घ्यमंत्र, बारा नावे आणि आदित्यहृदय स्तोत्र हे सर्वांना खुले आहे. त्यात स्त्री-पुरुष किंवा जात असा भेद मानण्याचे कारण नाही. पण खरे सांगायचे तर महाराष्ट्रात सूर्योपासना पुरुषांच्या संध्येपेक्षा बायकांच्या व्रतांनी अधिक टिकवली आहे. श्रावणातल्या रविवारी आदित्यराणूबाईचे व्रत घेतात. मौनाने उठून स्नान करायचे, विड्याच्या पानावर रक्तचंदनाने मंडल काढायचे, सहा सुतांचा दोरा करून त्याला सहा गाठी द्यायच्या, पूजा करून कहाणी ऐकायची, आणि माघातल्या रथसप्तमीला व्रत पुरे करायचे. राणूबाई ही सूर्याची पत्नी राज्ञी. गुजरातेत तिलाच रांदल म्हणतात, असे अभ्यासक मानतात.

त्या कहाणीत दोन बहिणी आहेत, एक राजाची राणी, दुसरी प्रधानाची बायको. बाप कहाणी सांगायला आधी थोरलीकडे जातो. ती म्हणते, राजा पारधीला जाणार आहे, मला ऐकायला वेळ नाही. धाकटी मात्र सहा मोती आणते, तीन स्वतःच्या हातात घेते, तीन बापाच्या हातात देते आणि ऐकायला बसते. पुढे थोरलीला दारिद्र्य येते. धाकटी तिच्या मुलाच्या हाती कोहळा पोखरून आत होनमोहरा भरून पाठवते, तर वाटेत सूर्यनारायण माळ्याच्या रूपाने येऊन तो काढून घेतो. काठी पोखरून, नारळ पोखरून पाठवले तरी तेच. थोरलीने पूजेत काही कमी केले नव्हते, पैशाचीही तिला वाण नव्हती. तिने फक्त वेळ दिला नव्हता. ही कहाणी आईंना बहुधा पाठ असेल. नसेल तर कहाण्यांच्या कोणत्याही जुन्या संग्रहात मिळेल. पण वाचून दाखवताना समोर ऐकणारे कोणी तरी असू द्यावे, आणि दोघांच्या हातात अक्षता द्याव्यात.

रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी. त्या दिवशी रुईची सात पाने अंगावर ठेवून स्नान करतात. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, तो फार दाहक असतो. तुळशीपुढे पाटावर सात घोड्यांच्या रथाची रांगोळी काढतात आणि गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवून ते उतू जाऊ देतात. एरवी दूध उतू गेले की घरातली बाई हळहळते. या एका दिवशी ते आपणहून उतू जावे म्हणून सगळे घर चुलीपाशी उभे असते. सदनिकेत गोवरी पेटवता येत नसेल तर छोट्या शेगडीवर करा, पण खिडकी उघडी ठेवा. संक्रांतीपासून चाललेले हळदीकुंकू आणि लहान मुलांचे बोरन्हाण या दिवसापर्यंत उरकतात.

जमल्यास त्या सुमारास राजापूर तालुक्यातल्या कशेळीला कनकादित्याच्या दर्शनाला या. ही मूर्ती समुद्रमार्गाने प्रभासपाटणहून आली असे गावकरी सांगतात. कनका नावाच्या गणिकेमुळे ती प्रकट झाली म्हणून देवाचे नाव कनकादित्य. शिलाहार राजा दुसरा भोज याचा 1191 सालचा ताम्रपट कशेळीचाच आहे. कोणार्क आणि मोढेरा पाहायला लोक दुरून जातात, ते जावेच. पण त्या दोन्ही देवळांत आज पूजा होत नाही आणि कशेळीत ती होते, रथसप्तमीला उत्सवही असतो. कौलारू छपराखाली, समुद्राच्या वाऱ्यात, दिवा लावून त्याची पूजा होताना पाहणे हा वेगळा अनुभव आहे.

तुमच्याच इमारतीत किंवा शेजारी बिहारकडची कुटुंबे असतील तर कार्तिक शुद्ध षष्ठीला त्यांची छठपूजा जरूर पाहा आणि पत्नीलाही दाखवा. सुमारे छत्तीस तास पाण्याचा थेंबही न घेता व्रती बाई पाण्यात उभी राहून आधी मावळत्या सूर्याला आणि मग दुसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याला सुपातून अर्घ्य देते. आपल्या संध्येतल्या सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही अर्घ्यांचे ते लोकांनी जपलेले रूप आहे. आईंचे वय पाहता इतका कडक उपवास त्यांनी करू नये. आपल्या राणूबाईच्या व्रताला गुळाखोबऱ्याचा नैवेद्य पुरतो.

सुरुवात येत्या रविवारी करा. आदल्या रात्री तांब्याचा गडू भरून देवापाशी ठेवा, ताम्हन बाल्कनीत नव्हे तर पूर्वेकडच्या भिंतीशी ठेवा आणि तुमच्या गावचा सूर्योदय पंचांगात पाहून गजर त्याच्या अर्धा तास आधीचा लावा. पहिले चार-पाच दिवस झोप मोडल्यामुळे चिडचिड होईल, तेव्हा मंत्र न म्हणता नुसते तीन ओंजळी पाणी दिले तरी चालेल. तुमची शाखा कोणती ते कळवलेत तर अर्घ्यापर्यंतची संध्या त्या शाखेप्रमाणे लिहून पाठवीन.